जावयाचं अक्षर

आमच्या पेंटरचं अक्षर जाड होतं. पेंटर म्हणजे माझा नवरा. अख्खी वडवणी त्यांना पेंटर म्हणायची, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलं आणि नाव घेण्याचा प्रश्नच मिटला.

जाड म्हणजे किती, तर एका उभ्या रेघेत माझा तळहात आडवा मावायचा. आणि ही जाडी कुठंही कमी-जास्त व्हायची नाही. शाळेत बोरूनं अक्षर काढतात त्यात रेघ एकीकडे बारीक होते, वळणावर पुन्हा भरते. पेंटरच्या अक्षराला असलं नटणं-मुरडणं ठाऊक नव्हतं. वरची रेघ तुळईएवढी, काना खांबाएवढा आणि बाकी सगळं गोल. गोल हातानं काढायचेच नाहीत. रंगाचा रिकामा डबा भिंतीला लावायचा आणि बुडाभोवती पेन्सिल फिरवायची. भिंत मोठी असली की डब्याऐवजी खिळा आणि सुतळी. व म्हणजे एक गोल आणि एक खांब. क म्हणजे खांबाच्या दोन्ही अंगाला गोल. ट म्हणजे रेघेला टांगलेला अर्धा गोल. वेलांट्यासुद्धा त्याच डब्याच्या कडेवरून. अनुस्वारासाठी त्यांनी माझ्या पितळी करंड्याचं झाकण नेलं, ते रंगानं असं माखलं की पुन्हा कुंकवाच्या कामाचं राहिलं नाही. त्यावरून मी बरेच दिवस बोलत होते.

फक्त ह त्यांच्या ताब्यात येत नव्हता. ह सरळही नाही आणि गोलही नाही. एकाखाली एक दोन अर्धे गोल काढून ते कसातरी ह उभा करायचे आणि वर त्याला शिव्या घालायचे. गंमत अशी की आमचं सगळं पोट "सहकारी" या शब्दावर चाललेलं, म्हणजे दिवस उजाडला की ह समोर हजर.

आखणी त्यांची, भरणी माझी. लग्न झालं तेव्हा मला ब्रश धरता येत नव्हता, पण मी दहावीपर्यंत शिकलेली होते आणि हात स्थिर होता. जाड अक्षराची भरणी सोपी वाटते, तशी ती नाही. रेघाच एवढ्या रुंद की आतली पांढरी जागा थोडीच उरते. तिला पेंटर अक्षराचं पोट म्हणायचे. पोटात रंग गेला की व चा नुसता गोळा होतो. मी शिडीवर, हे खाली उभे राहून ओरडायचे, "पोट सांभाळ, पोट!" आणि समोरच्या हॉटेलातले लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायचे. एकदा मी वरूनच सांगितलं, की पुन्हा असं ओरडलात तर डबा तुमच्या डोक्यावर ओतीन. त्यानंतर ते "आतलं बघ" म्हणायला लागले.

हे अक्षर शिकलात कुठं, असं कुणी विचारलं तर कधी ते परळीच्या रेल्वे स्टेशनावरच्या पाटीचं नाव सांगायचे, कधी खताच्या पोत्याचं. मला विचाराल तर डबा हाताशी होता, एवढंच कारण. पण एक खरं, त्या अक्षराचा स्वभाव त्यांना पुरता कळलेला होता. ते हळू बोलायचं नाही. दोन शब्द असले तर छाती काढून उभं राहायचं, तिसरा आला की दाटी व्हायची आणि चौथ्याला कुणी वाचायचंच नाही. एका डॉक्टरनं हट्टानं आपल्या सगळ्या पदव्या त्याच अक्षरात लिहून घेतल्या, तर दवाखान्याची भिंत संपली आणि शेवटची पदवी गटारावर गेली. श्रद्धांजलीचे फलक मात्र पेंटरनी त्या अक्षरात कधी लिहिले नाहीत. "मयताच्या दारात लग्नाचा बँड वाजवल्यावानी दिसतं ते," असं म्हणायचे. त्यासाठी त्यांच्याकडे बारीक, तिरकं, मान खाली घातल्यासारखं अक्षर वेगळं होतं.

जाड अक्षर उद्घाटनाचं. दूध संस्था, विकास सोसायटी, खरेदी-विक्री संघाचं गोदाम, पतसंस्थेचं शटर, सूतगिरणीचं लांबलचक कंपाउंड. पांढऱ्यावर निळं अक्षर आणि उजव्या अंगाला लाल सावली. आमच्या भागात तेव्हा संस्था निघत होत्या, आणि निघायची वेळ झाली की पहिलं बोलावणं पेंटरला. नारळ मागून फुटायचा. काही संस्था तर आधी भिंतीवर उभ्या राहिल्या आणि मग जमिनीवर. काही भिंतीवरच राहिल्या, पण त्यांच्याही भिंतीजवळ लोक जाऊन बघून यायचे की आत काय मिळतंय. हळूहळू लोकांच्या डोळ्यांना सवय लागली. निळं जाड अक्षर दिसलं की तिथं काहीतरी सुरू झालंय, जायला हरकत नाही.

ही सवय सगळ्यात पक्की बसली ती माझ्या वडिलांना.

आबा डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवर राहायचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जनावरं राखण्याचं काम, शाळेचं तोंड मीच पहिल्यांदा बघितलं. आबांना अक्षर म्हणून काही येत नव्हतं. पण जनावर ओळखायची त्यांची जी नजर होती, शंभर गुरांत आपली गाय पाठीवरून ओळखायची, तीच त्यांनी जावयाच्या पाट्यांना लावली. वाचायचे नाहीत, ओळखायचे. बाजारला उतरले की गावभर हिंडून सांगायचे, हे पाव्हण्याचं, हे पाव्हण्याचं, हे न्हाई. एकदा दुसऱ्या एका पेंटरनं आमच्या अक्षराची नक्कल करून पिठाच्या गिरणीचा बोर्ड लिहिला. मलाही क्षणभर तो यांचाच वाटला. आबांनी लांबूनच मान हलवली. "ह्याचं पोट बारकं हाय," म्हणाले. पेंटर इतके खूष झाले की सासऱ्यांना हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली.

दूध संस्था वस्तीखालच्या गावात निघाली तेव्हा वस्तीवरचं कुणी दूध घालायला तयार नव्हतं. आबा खाली आले, भिंत बघितली, आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीचं दूध त्या संस्थेत जायला लागलं. वर जाऊन ते एवढंच म्हणाले होते, "आपल्या जावयाचं अक्षर हाय, बिनघोर घाला." आणि ते दूध बरीच वर्षं बिनघोर जातही होतं. माझ्या माहेरच्या लोकांनी आयुष्यात एखाद्या संस्थेवर विश्वास ठेवला असेल तर तो असा, अक्षराच्या जाडीवर.

मग पाऊस जायला लागला. एक वर्ष कमी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, तिसऱ्या वर्षी नुसते ढग. आधी दूध संस्थेचं संकलन बंद पडलं, कारण दूधच नव्हतं. सूतगिरणी तर त्याआधीच थांबली होती. सुरू कधी झाली होती हेच नक्की कुणाला सांगता येत नव्हतं. पतसंस्थेचं शटर एकदा खाली आलं ते वर गेलं नाही. त्या शटरवरचं अक्षर माझ्या भरणीचं, अजून चकचकीत. रोज त्याच्यासमोरून जाताना मला आपलाच कुणी रस्त्यात बसल्यासारखं वाटायचं आणि मी दुसऱ्या बाजूला बघायची. पेंटरना काम उरलं ते टँकरवर लिहायचं. पिण्याचे पाणी. चार-सहा महिने आम्ही दोघांनी दुसरे शब्दच लिहिले नाहीत.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका सहकारी संघानं बंद सूतगिरणीच्या मैदानावर जनावरांची छावणी काढली. म्हणजे दुष्काळात गावोगावची गुरं एका जागी बांधायची, त्यांना तिथंच ऊस, उसाच्या शेंड्यांचं वाढं, पेंड आणि पाणी मिळायचं. मैदान परळीच्या रस्त्याला, जरा उंचावर. गेटवर लोखंडी पाइप उभे करून त्यावर पत्र्याची पाटी चढवली, आमच्या घराच्या भिंतीपेक्षा मोठी. पेंटरनी तिच्यावर दोनच शब्द लिहिले: जनावरांची छावणी. अक्षराला पाहिजे तेवढी जागा त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. मी भरणी केली आणि खाली उतरून लांब जाऊन बघितलं. एवढ्या मरगळलेल्या दिवसांत ते निळं अक्षर बघून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. आबांच्या वस्तीच्या डोंगराच्या धारेवरूनही ती पाटी दिसते, असं पुढं आबाच एकदा सांगून गेले. त्यांची गुरं तेव्हा अजून वरच होती. थोडा कडबा शिल्लक होता, तो संपला की उतरू, असं म्हणाले.

छावणी शिमग्यापर्यंतही टिकली नाही. वरून मंजुरी आली नाही असं संघ म्हणायचा, संघानं कागदच दिले नाहीत असं वरचे म्हणायचे. गुरं ज्याची त्याला सोडायला सांगितली. आणि छावणीच्या व्यवस्थापकानं पेंटरला बोलावून घेतलं.

पाटी तीच, पाइप तेच. आम्ही पांढऱ्याचा हात मारून जुनं अक्षर झाकलं. पेंटरनी मला न विचारता बारीक तिरक्या अक्षरात आखायला सुरुवात केली, तेच श्रद्धांजलीचं अक्षर. मलाही ते बरोबरच वाटलं. दोन शब्द लिहून होतायत तोवर व्यवस्थापक मोटारसायकलवरून आला आणि खालून ओरडला.

"हे काय बे पेंटर? मुंग्या सोडल्या का पाटीवर? बारीक कावून लिव्हलं?"

"सायेब, बंदचं हाय म्हणून."

"मग? बंद हाय तेच तर लांबून दिसाया पायजे. लोकं गुरं घेऊन गेटापर्यंत येतेत आन् माह्या नावानं बोंबलतेत. रस्त्यावरून दिसलं पायजे. आपलं ते जाड लिव्ह."

पेंटर शिडीवरून खाली आले. "सायेब, ते अक्षर असल्या कामाचं न्हाई. त्येच्यात बंद शोभत न्हाई."

"शोभायचं काय त्यात? लगीन हाय का कुणाचं?"

तिथं उभे असलेले दोघे-तिघे हसले. पेंटरनी पुढं वाद घातला नाही, त्यांना वाद घालता येतच नव्हता. घरात मी एवढी तोंडाळ, पण बाहेर नवऱ्याच्या कामात बायकोनं बोलायचं नाही, हे मलाही तेव्हा पाठ होतं. पुन्हा पांढरा हात मारला. पुन्हा डबा, पुन्हा सुतळी. रंग निळाच शिल्लक होता, लाल सावलीपुरता लालही होता. छावणी बंद. माझ्या भरणीत कुठंही चूक नव्हती. व्यवस्थापक लांब रस्त्यापर्यंत जाऊन बघून आला आणि म्हणाला, "आता कसं!"

पुढचं मी आबांकडून आणि त्यांच्याबरोबर आलेल्या वस्तीवरच्या एका म्हातारीकडून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं, ते नीट लावून सांगते.

वस्तीवरचा कडबा संपला. हातपाय चालणारी सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली, वस्तीवर म्हातारे आणि जनावरं. पोरंही आईबापाबरोबर तोडीवर, त्यामुळे चार अक्षरं वाचणारंही कुणी मागं नाही. सगळ्यांनी मिळून उतरायचं ठरवलं. आबांच्या तीन गाई होत्या, त्यात एक तांबडी, आमच्या घरात जन्मलेली. बाकीच्यांचीही तशीच एक-दोन. धारेवर आल्यावर आबांनी सगळ्यांना लांबूनच पाटी दाखवली. पांढऱ्यावर निळं, जाड. "हाय म्हणलं ना, हाय. पाव्हण्याचं अक्षर हाय."

डोंगर उतरल्यावर एक फाटा लागतो. एक वाट परळीच्या रस्त्याला गिरणीकडं, दुसरी बीडच्या अंगाला. त्या दुसऱ्या वाटेवर जवळच एका गावच्या छोट्या सोसायटीची छावणी होती आणि ती चालू होती. तिला पाटी नव्हती. गोणपाटावर कुणीतरी चुन्यानं वाकडंतिकडं खरडून ते बाभळीला बांधलेलं. म्हातारीनं ते बघितलं आणि म्हणाली, "हिकडं काहीतरी हाय बाबा, गुरांचा वास येतुया. जवळ बी हाय. हिकडंच जाऊ." आबांनी त्या गोणपाटाकडं बघून तोंड वाकडं केलं. असल्या अक्षराच्या ठिकाणी कुणी गुरं बांधतं का, असं त्यांना वाटलं असणार. आयुष्यभर त्यांना जे खरं ठरलेलं होतं त्यालाच धरून ते वागले. सगळी गुरं त्यांच्या मागं गिरणीच्या वाटेला लागली.

मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. परळीच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा, तो उतरून घरी आला. "वैनी, तुमचे आबा छावणीच्या गेटाशी बसलेत गुरं घेऊन. कालपासनं बसलेत म्हणं." पेंटर कामाला घाटनांदूरला गेले होते. मी पाण्याचे दोन कॅन आणि होत्या तेवढ्या भाकरी घेऊन टेम्पोत बसले. काय झालं असेल ते मला टेम्पोतच कळलं.

गेटाला साखळी. आत रिकाम्या दावणी. बाहेर पाटीच्या सावलीत म्हातारी माणसं ओळीनं बसलेली, आणि गुरं उन्हात, कारण पाटीची सावली तेवढी नव्हती. आबा सगळ्यांत पुढं, गेटाला पाठ लावून. फेटा नीट बांधलेला. मला बघून त्यांचं तोंड उजळलं.

"आली का माय. पाव्हणं कुठं हायती? त्यांना सांग जरा, उघडा म्हणावं."

"आबा, तुमी हितं कावून बसलात?"

"उघडायची वाट बघतोय. लिव्हून ठिवलंय म्हंजे उघडतेलच की. ह्या लोकांस्नी तेच सांगतोय कालपासनं."

"आबा, ही छावणी बंद झाली. वर तेच लिव्हलंय. छावणी बंद."

त्यांनी मान वर करून पाटीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मीही बघितलं. खालून ती पाटी फार मोठी दिसत होती.

"बंद लिव्हलंय?"

"हां."

"पाव्हण्यानंच लिव्हलंय?"

"हां आबा."

"मग असं कावून लिव्हलं गं? अक्षर तर चालू असल्यावानी हाय."

व्यवस्थापक काय म्हणाला, पेंटर काय म्हणाले, हे सगळं सांगायचं होतं, पण त्या माणसासमोर ते सांगून काय उपयोग? बाकीच्या लोकांना आबांनी स्वतः सांगितलं नाही, त्यांच्याच्यानं ते झालं नसतं. मीच सांगितलं. कुणी आबांना एक शब्द बोललं नाही. बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. म्हातारीनं उठून आपल्या बैलाचं दावं सोडलं आणि आबांकडं न बघता फाट्याच्या दिशेनं चालायला लागली. एकेक करून सगळेच उठले.

बीडच्या अंगाची छावणी तोवर भरली होती. आदल्या दिवशी आले असते तर बांधून घेतली असती, असं तिथल्या माणसानं म्हातारीला सांगितलं. मला वाटतं, ते सांगायची काही गरज नव्हती. दोन-तीन गुरं त्यांनी हातापाया पडल्यावर घेतली. बाकीची बाजारात गेली, आणि त्या दिवसांत बाजारातून गुरं कुठं जायची ते सगळ्यांना माहीत होतं. आबांच्या दोन गाई त्यातच गेल्या.

तांबडी बाजारापर्यंतही गेली नाही. ती पाटीखाली बसली ती उठली नाही. मी कॅनचं पाणी तिच्या तोंडाला लावलं, थोडं प्याली, बाकीचं ओघळून गेलं. आबांनी भाकरी कुस्करून तिच्यापुढं धरली, स्वतः खाल्ली नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं तिच्याजवळ बसून होतो. संध्याकाळी पेंटर आले तेव्हा ती गेलेली होती आणि आबा तिच्या पाठीवरून उगाच हात फिरवत होते. पेंटर काय ते समजले. त्यांनी एकदा वर बघितलं आणि गाईच्या दुसऱ्या अंगाला येऊन बसले.

"मामा, मी आदी बारीक लिव्हलं होतं."

आबा म्हणाले, "बारीक मला दिसलं नसतं." गाईवरचा हात न काढता त्यांनीच पुन्हा म्हटलं, "दिसलं नसतं तर त्या अंगाला गेलो असतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग मला होता, मला त्या पाटीला आग लावावी असं वाटत होतं, आणि पत्र्याला आग लागत नाही. पेंटर शिडी घेऊन आले, पत्रा खरवडायला लागले. पण रंग चांगल्यातला होता आणि पक्का वाळला होता. ब च्या कडेचा एक टवका निघाला, तेवढाच. मग गिरणीच्या वॉचमननं हटकलं आणि आम्ही आबांना घेऊन घरी आलो.

आबा पुन्हा वस्तीवर गेले नाहीत. तिथं कुणी त्यांना नको म्हटलं नव्हतं. "लोकं काय म्हणत न्हाईत, पर माझ्या मागून कुणी चालंल का आता?" असं एकदाच म्हणाले. आमच्या ओसरीवर त्यांची बाज पडली. राखायला काही नसलेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा बघितलं. सकाळी सवयीनं लवकर उठायचे, काठी घ्यायचे, अंगणात उभे राहायचे आणि परत येऊन बसायचे.

एक दिवस त्यांनी पेंटरना हाक मारली. "पाव्हणं, मला तेवढं बंद शिकवा."

पेंटरना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी खडू घेतला, सवयीनं डबाही घेतला आणि ओसरीच्या फरशीवर आपल्या अक्षरात बंद काढायला लागले. आबांनी हात धरला.

"जाड नगं. ते म्या वळखतो, आन् त्यानंच घात केला. कुनीबी, कसंबी लिव्हलेलं वळखू आलं पायजे."

मग पेंटर वाईट अक्षर काढायला बसले. ज्या माणसानं डब्याशिवाय गोल काढला नाही तो फरशीवर वाकडं, तिरकं, फाटकं, पोरांनी काढावं तसं बंद लिहीत होता. खडूनं, कोळशानं, चुन्यानं, ओल्या बोटानं. आबा एकेकाकडं बघायचे, काठीचं टोक त्यावर ठेवायचे. वरची टिकली, तिच्याखाली पोटात तिरकी रेघ असलेलं एक, मग शेपटीवालं एक. जनावराच्या खुणा लक्षात ठेवाव्यात तशा त्यांनी त्या खुणा लक्षात ठेवल्या. मी सैपाक करता करता बघायची आणि मला रडू यायचं. मी चूल फुंकायचं निमित्त करायची.

पेंटरनी नंतर ते जाड अक्षर फारसं काढलं नाही. त्यांनी सोडलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं असं की कुणी सांगायलाच आलं नाही. काढायला संस्थाच उरल्या नव्हत्या, आणि थोड्याच दिवसांत फ्लेक्सचं मशीन बीडवरून तालुक्याला आलं. त्याच्यावर कसलंही अक्षर बटण दाबून निघतं, आणि लग्नाचं आणि मयताचं एकाच अक्षरात निघतं. परवा शहरातल्या कुणा मुलीनं गिरणीच्या कंपाउंडाचे फोटो काढले. हे अक्षर लई भारी आहे, मी याचा कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवते, हॉटेलांना, टी-शर्टना चांगला दिसेल, म्हणाली. पेंटर आता नाहीत. मी तिला डब्याचं सांगितलं, करंड्याच्या झाकणाचं सांगितलं. पाटीचं सांगितलं नाही.

आबांचं एक राहिलं.

दुष्काळ संपला असं म्हणतात त्या वर्षी मी त्यांना डोळे दाखवायला परळीला घेऊन गेले. गाडीत त्यांना खिडकी दिली. गाव सुटल्यावर पहिली लागली दूध संस्था. तिच्या भिंतीवर आमचं निळं अक्षर उडत चाललं होतं आणि दारावर कुणीतरी कोळशानं काहीतरी लिहिलं होतं. आबांनी डोळे बारीक केले.

"बंद," ते म्हणाले. "हे बी बंद."

पुढं गोदाम. "बंद." पाण्याच्या टाकीवर खडूनं लिहिलेलं, मला दिसलंही नाही, त्यांनी ओळखलं. एका पंपावर पुठ्ठा लावलेला. "बंद." गिरणीचं मैदान आलं तेव्हा त्यांनी पाटीकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता नजर पुढं केली. पुढच्या सीटवरचा माणूस वळून कौतुकानं म्हणाला, "ह्या वयात वाचाया लागले की बाबा!" एकही चुकलं नव्हतं. परळी जवळ आली, वीज केंद्राच्या राखेनं पांढरी झालेली झाडं लागली, तरी ते एकेक वाचतच होते.

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "आबा, आता तुमाला दुसरा शब्द शिकवते. सुरू. लई सोपा हाय."

आबा खिडकीबाहेरच बघत होते.

"शिकीन की," ते म्हणाले. "पर लिव्हलेला कुठं हाय?"